कातडीला विसरता यावं असं काही

आजींनी गुडघा वाकवला, पण मध्येच थांबल्या. पट्टी लावायच्या आधी त्याच खुर्चीवर बसून त्यांनी तो याहून बराच जास्त वाकवला होता. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोनमापक, लावून तो कोन मी स्वतः मोजला होता आणि वहीत टिपला होता. मग प्रयोगशाळेतून आलेल्या संशोधक मुलीने त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर उभी, बोटभर रुंदीची एक पारदर्शक पट्टी, गुडघा किती वाकतो ते टिपणारा हायड्रोजेलचा सेन्सर, चिकटवली, दोन टोकांना दोन बारीक तारा जोडल्या आणि लॅपटॉपवर रेष सरकायला लागली. "आजी, आता मघासारखाच वाकवा," मी म्हटलं. त्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. दुखतंय का, तर नाही. ओढल्यासारखं होतंय का, तर तेही नाही. पुन्हा विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, निघून आली म्हणजे? पोरीने एवढ्या मेहनतीने केलीय."

रेष अगदी स्वच्छ होती. चढ, माथा, उतार, सगळं जागच्या जागी. मुलगी खूश झाली आणि तिने खूश व्हावं असंच ते होतं, कारण गुडघा जेवढा वाकला तेवढाच तिच्या पट्टीने इमानाने दाखवला होता. पण माझ्या वहीतला कोन आणि त्या रेषेतला कोन यांच्यात जे अंतर पडलं, ते ना सांध्यातून आलं होतं ना सेन्सरमधून. ते आजींच्या भिडस्तपणातून आलं होतं. सेन्सरने मोजलं होतं ते सेन्सरला जपणं.

ते अंतर माझ्या मनातून जाता जात नाही.

माझा पेशा फिजिओथेरपीचा. मोजायला बसवलेल्या माणसाचं शरीर वेगळं वागतं, हे या कामात फार लवकर कळतं. चालून दाखवा म्हटलं की लोक पाठ ताठ करतात, पाऊल लांब टाकतात, आणि दाराबाहेर पडले की पुन्हा आपल्या लंगडत्या चालीवर येतात. मी त्यांना दोष देत नाही; कुणी निरखून बघत असताना साधं उभं राहणंसुद्धा अवघड होतं. शिवाय माझ्या हातातलं साधन तरी काय, तर दोन पात्यांचा एक कोनमापक. मी मोजलेल्या आणि माझ्या सहकाऱ्याने मोजलेल्या कोनात पाच-सात अंशांचा फरक सहज पडतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, खुर्चीतून उठायला ९० किंवा त्याहून थोडे जास्त लागतात. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या बाईचा गुडघा माझ्यासमोर ९० पर्यंत पोचतो तेव्हा आम्ही दोघी हसतो. पण उरलेल्या दिवसभरात, घरात, अंथरुणातून उठताना, न्हाणीघरात, कुणी बघत नसताना तो किती वाकतो, यावर ती बरी होणार की नाही हे ठरतं, आणि त्यातलं मला काहीच दिसत नाही. म्हणून या प्रयोगशाळेच्या गटाने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

ती पट्टी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आधी जाणवला तो गारवा. ओलसर, गार, वाटते त्याहून जड. बोटावर ठेवली की बोटाचा आकार घेते आणि मग सोडायला कुरकुर करते. उजेडासमोर धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येतात. हिच्यात बहुतेक पाणीच आहे, असं मुलीने सांगितल्यावर मी ती चिमटीत दाबून पाहिली. स्पंज दाबला की पाणी ओघळतं, इथे एक थेंब नाही. पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत अडकून जाळं झालेलं असतं, त्या साखळ्यांना पाण्याची ओढ असते, आणि जाळ्यात शिरलेलं पाणी तिथलंच होऊन राहतं. यालाच हायड्रोजेल म्हणतात. त्यात मीठ विरघळवलं की त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्या पाण्यातून हिंडू लागतात आणि पट्टीतून वीज वाहते. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन धावतात. इथे आयन सरकतात, आणि आपले मज्जातंतू आणि स्नायूही आयनांवरच चालतात. हे कळलं तेव्हा त्या ओल्या तुकड्याबद्दल मला एकदम जवळीक वाटली.

काम ती कसं करते ते फार साधं आहे. गुडघा वाकला की वरची कातडी ताणते, तिच्याबरोबर पट्टी ताणते. लांबी वाढली की जाडी आणि रुंदी कमी होते, कारण आतलं पाणी काही दाबून लहान होत नाही. विजेची वाट लांबली आणि अरुंदही झाली, म्हणजे विद्युतरोध दोन्ही कारणांनी वाढतो. लांबी जितक्या पट, रोध तिच्या वर्गाइतक्या पट. पट्टी ३० टक्के ताणली, तर १.३ चा वर्ग १.६९, म्हणजे रोध जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढला. ती सुंदर रेष एवढ्याच गणितावर उभी असते. ताणलं की रोध वाढतो, ही गोष्ट धातूलाही लागू आहे. धातूच्या तारेचे ताणमापक १९३८ मध्ये निघाले आणि पुढे त्याच तत्त्वावर पुलांचा, विमानांचा ताण मोजला गेला. पण धातू थोड्याच टक्क्यांत कायमचा ताणला जातो किंवा तुटतो, आणि गुडघ्यावरची कातडी तर ३० टक्क्यांच्या पुढेही सहज जाते. शिवाय ताठरपणा. तांबं अशा जेलपेक्षा लाखो पटींनी ताठर असतं. कातडीवर धातूची पट्टी लावली तर कातडीनेच तिचं ऐकायचं. जेलची लावली तर ती कातडीचं ऐकते.

मात्र जुनी हायड्रोजेल फार नाजूक होती, जरा ओढली की तुटायची. २०१२ साली हार्वर्डमधल्या एका गटाने अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइड अशी दोन जाळी एकात एक गुंफली. अल्जिनेट हे समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळतं. कॅल्शियमने बांधलेलं त्याचं जाळं ताण आला की ठिकठिकाणी सुटत जातं आणि तो ताण स्वतःत जिरवतं, तोवर दुसरं जाळं सगळं धरून ठेवतं. सुमारे ९० टक्के पाणी असूनही ते जेल मूळ लांबीच्या २० पटींहून अधिक ताणता आलं. आधी सुटून, मोकळं होऊन शेवटी टिकून राहायचं, हे वाचलं तेव्हा मी जागची उठून फेऱ्या मारल्या होत्या. आखडलेल्या सांध्याला मी दिवसभर दुसरं काय शिकवत असते?

शरीर आणि यंत्र यांच्यामध्ये खारं पाणी लागतंच, हे तसं जुनंच आहे. एंथोव्हेन या डच शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाचा विद्युतआलेख (ईसीजी) काढला, ज्यासाठी त्याला १९२४ चं नोबेल मिळालं, तेव्हा रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. ते छायाचित्र मी शिकत असताना पाहिलं होतं. बाह्या वर सारलेला एक गृहस्थ, हात पाण्यात, अगदी निमूट. पुढे त्या भांड्यांचं आकारमान घटत घटत छातीवर चिकटणाऱ्या गोल इलेक्ट्रोडमधल्या जेलच्या ठिपक्यावर आलं. आणि हायड्रोजेल शरीराला चालतं हा भरवसा आला तो डोळ्यांतून: प्राग शहरात विख्तर्ले आणि लिम या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० साली शरीरात वापरण्यासाठी मऊ, पाणी धरणारं पॉलिमर मांडलं, आणि १९६१ च्या नाताळात विख्तर्लेंनी घरी, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले सुटे भाग जुळवून केलेल्या यंत्रावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स फिरवून काढल्या. आज कितीतरी लोक सकाळी ती लेन्स डोळ्यात घालतात आणि दिवसभर विसरून जातात.

हे विसरणंच आजींना जमलं नव्हतं.

का जमलं नाही याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा चिकटण्याशी येते. कातडीला काही चिकटवणं किती कठीण आहे हे तिच्यावर रोज हात ठेवणाऱ्याला ठाऊक असतं. वरचा थर मेलेल्या पेशींचा, बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, आणि तोही सतत झडणारा. त्यावर तेल, लव, सुरकुत्या. खाली लाखो घर्मग्रंथी, ज्या नेमक्या व्यायामाच्या वेळी जाग्या होतात. म्हणजे पट्टीची जेव्हा खरी गरज, तेव्हाच तिच्या पायाखाली पाणी. यावरचा एक उपाय लोकांनी समुद्रातल्या खडकांवरच्या शिंपल्यांकडून घेतला. लाटांचा मारा खात, ओल्या दगडाला हे शिंपले धरून राहतात ते त्यांच्या प्रथिनांतल्या डोपा नावाच्या अमिनो आम्लाच्या बळावर. १९८१ मध्ये हर्बर्ट वेट यांनी ते त्या चिकट प्रथिनात दाखवून दिलं. डोपाच्या रेणूतला कॅटेकॉल नावाचा भाग ओल्या पृष्ठभागालाही धरू शकतो. तोच जेलमध्ये गुंफतात. अशी जेल हवा लागून हळूहळू तपकिरी पडतात, आणि तपकिरी पडता पडता त्यांची पकडही ढिली होत जाते.

या डोपाची एक गोष्ट मला फार हलवते. कंपवाताच्या रुग्णांना वर्षानुवर्षं जे औषध दिलं जातं, तो लेव्होडोपा म्हणजे हाच रेणू. आणि विश्रांतीच्या वेळी त्यांच्या हाताला जो कंप सुटतो, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, तो मनगटावरच्या अशाच पट्टीने टिपायचे प्रयत्न चालू आहेत. गोळीचा असर कधी चढतो, कधी उतरतो, हे रुग्ण "सकाळी बरं होतं, दुपारी हात ऐकेना" अशा शब्दांत सांगतो. त्याच हातावर त्याच रेणूच्या आधाराने चिकटलेली पट्टी ते चढउतार दिवसभर लिहून ठेवू शकली, तर डॉक्टरांना गोळीची वेळ ठरवायला किती आधार होईल. हे होताना मला बघायचं आहे, अगदी मनापासून.

पण चिकटणं ही अर्धीच बाजू झाली. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा त्यांच्या छातीवरचे इलेक्ट्रोड बदलताना मी शेजारी उभी होते. सिस्टर हलक्या हाताची होती. एका हाताने कातडी धरून ती दुसऱ्या हाताने सावकाश सोलत होती, तरी एके ठिकाणी चिकटपट्टीबरोबर वरचा पापुद्रा निघून आला आणि खाली लालसर, ओली, चकाकती जागा दिसली. वडील बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांच्या पायाची बोटं तेवढी आखडली. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ होते, दोन थरांमधली वीण सैल होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तर अजून पक्की झालेलीच नसते. चिकटपट्ट्यांनी होणाऱ्या अशा जखमा दवाखान्यांत नेहमीच्या आहेत, इतक्या की त्यांच्याकडे फारसं कुणी जखम म्हणून बघत नाही.

म्हणून हायड्रोजेल सेन्सरवरचे शोधनिबंध वाचताना माझी नजर एकाच आकड्यावर जाऊन अडते. चिकटण्याची ताकद किती, हे तिथे अभिमानाने लिहिलेलं असतं. चाचणी बहुधा डुकराच्या कातडीवर केलेली असते, आणि आकडा जितका मोठा तितकं कौतुक मोठं. पुढे छायाचित्रं: वाकणारं बोट, वाकणारं मनगट, वाकणारं कोपर, गिळताना हलणारा गळा. बोट बहुतेक तरुण संशोधकाचंच. ऐंशीतल्या हातावरून ती पट्टी संध्याकाळी काढली तेव्हा खाली काय दिसलं, हे मी शोधत राहते आणि क्वचितच सापडतं. मला यात कुणाचा हलगर्जीपणा दिसत नाही. धरून ठेवण्याची ताकद यंत्रावर मोजता येते, तिचा आकडा निघतो. हळुवार सुटणं मोजायला ज्याची कातडी दुखते असा माणूस लागतो. तरीही माझ्या लेखी चांगल्या पट्टीची खरी परीक्षा ती काढतानाच होते. काही गटांनी कोमट पाणी लागलं किंवा तापमान बदललं की आपणहून पकड सोडणारी जेल केली आहेत. त्या निबंधांना मी दोनदा वाचते.

बाकी अडचणी आहेतच. पाण्याची पट्टी सुकते. दुपारपर्यंत कडा वर वळतात, गारवा जातो आणि तीच पट्टी कातडीला टोचायला लागते. ग्लिसरॉल किंवा काही क्षार घातले की पाणी जास्त वेळ टिकतं. तापमान एक अंशाने वाढलं की आयनांचं वहन साधारण दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे आजी उन्हात बसल्या तर त्यांचा गुडघा न हलता रेष हलणार. एकाच दिशेने वीज सोडत राहिलं तर इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात, म्हणून उलटसुलट प्रवाह वापरावा लागतो. पॉलिअॅक्रिलामाइड निरुपद्रवी, पण ते ज्या अॅक्रिलामाइडपासून बनतं ते मज्जासंस्थेला घातक, म्हणून उरलंसुरलं धुऊन काढावं लागतं. मुलगी हे सगळं सांगताना थकत नाही आणि मीही ऐकताना थकत नाही. मी तिला एवढंच सांगितलं आहे की पट्टीला ताण कळतो, कष्ट कळत नाहीत. आजींनी गुडघा कळ सोसून वाकवला की सहज, दोन्हींची रेष सारखीच येईल. त्या क्षणी कुणीतरी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं. कळ आली की त्यांच्या डाव्या भुवईजवळची शीर उठते, हे कुठल्याही आलेखात नाही.

आणि मग माझ्या मनाची दुसरी बाजू बोलायला लागते. समजा, पट्टी खरोखर इतकी मऊ झाली, इतकी हलकी झाली, की आजींना तिचा विसर पडला. गुडघा मोकळा वाकेल, रेष खरी येईल, मला हवं ते सगळं मिळेल. पण ज्या माणसाला आपण मोजले जातोय हेच आठवत नाही, त्याचं मोजमाप घेताना माझा हात अडखळतो. माझे रुग्ण मला खोटं सांगतात. व्यायाम केला म्हणतात, केलेला नसतो. मला ते कळतं आणि कळलेलं मी दाखवत नाही, कारण त्या खोट्यात लाज असते, दमणूक असते, घरात आजारी पडलेला दुसरा कुणी असतो; कधी कधी ते न बोलता सोडून दिल्यानेच माणूस पुढच्या वेळी खरं बोलतो. दिवसाचे चोवीस तास लिहिणारी पट्टी ही मुभा काढून घेते. आणि ती नोंद माझ्यापुरतीच राहील हे मी कुणाच्या भरवशावर सांगू? मुलाने फोनवर आईच्या पावलांचा हिशेब मागितला तर? विमा कंपनीने मागितला तर? आजींना गुडघा कधीतरी न वाकवण्याचाही हक्क आहे.

शरीराने विसरावं आणि माणसाने मात्र विसरू नये, असं काहीतरी मला हवं आहे, आणि हे दोन्ही एका पट्टीत बसतं का यावर मुलीशी माझं बरंच बोलणं झालं. ती नोंद फोनमध्येच ठेवण्याबद्दल बोलत होती, परवानगीच्या कागदाबद्दल बोलत होती. मी म्हटलं, ते सगळं करच, पण आधी मला सांग, ही पट्टी आजींना स्वतःला काढता येईल का? आतापर्यंत पट्टी नेहमी मुलीनेच काढली होती, चिमट्याने कड उचलून. आजींच्या बोटांचे सांधे सुजलेले, चिमटीत जोर नाही, नजरेला ती पारदर्शक कड दिसत नाही. जी गोष्ट अंगावरून आपल्या हाताने काढता येत नाही तिला जपावंच लागतं, तिच्यासमोर गुडघा अवघडणारच. आणि जी मनात आलं की काढता येते, ती खुशाल विसरता येते.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने वही काढली. आता जो नमुना तयार होतोय त्याच्या खालच्या टोकाला बोटभर लांबीची, न चिकटणारी, निळ्या रंगाची कापडी जीभ असणार आहे, अधू बोटांनाही धरता येईल एवढी रुंद. जेल कोमट पाण्याने भिजवलं की सुटेल असं. या बदलाने चिकटण्याचा आकडा खाली येईल, निबंधातल्या तक्त्यात तो इतरांपेक्षा फिका दिसेल, असं ती म्हणाली, आणि तरी त्या आकड्याखालीच दुसरा रकाना घालायचं तिने ठरवलं आहे: रुग्णाने स्वतः काढली का, किती वेळ लागला, खाली कातडी कशी होती. तो रकाना भरायचं काम माझ्याकडे आलं आहे.